डॅक बदलू की लॅपटॉपच फेकून देऊ? (बजेट २५ हजार, घरात वाद चालू)

खर्जातला
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

तर झालंय असं. बाबांचा जुना जपानी इंटिग्रेटेड अ‍ॅम्प आहे, मावशीच्या यजमानांनी १९९४ ला दुबईहून आणलेला, अजून ठणठणीत. त्याच सुमाराचा सीडी प्लेअर आहे, त्याचा ट्रे मात्र हल्ली रुसतो, बोटाने ओढला तरच बाहेर येतो. स्पीकर मी दोन वर्षांपूर्वी घेतले, बुकशेल्फ. खोली १० बाय १२, सिंहगड रोडला, म्हणजे रात्री दहानंतरच काय ते ऐकायचं.

आता सीड्या कुणी विकत घेत नाही म्हणून लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून आरसीए केबल टाकून अ‍ॅम्पला जोडलं. आणि फरक ऐकून उडालोच. सीडीवर मल्लिकार्जुन मन्सूर लावले की तानपुरा असा मागे पसरलेला, जवारी (तारांची झणझण) खुललेली. तेच रेकॉर्डिंग लॅपटॉपवरून म्हणजे तानपुऱ्यावर कुणीतरी टॉवेल टाकल्यासारखं. शिवाय बारीक भुणभुण चालूच असते, ख्यालाच्या सुरुवातीला तर असह्य.

एका शोरूममध्ये गेलो तर तो म्हणाला साठ हजाराच्या खाली डॅक (डिजिटल गाण्याचे आकडे व्होल्टेजमध्ये बदलणारी डबी) घेण्यात अर्थ नाही. माझ्याकडे आहेत २५. बायको म्हणते त्यात वॉटर प्युरिफायर येतो. काय करू? डॅक घेऊ, स्ट्रीमर (नेटवरून गाणी वाजवणारी डबी) घेऊ, की सीडी प्लेअरच दुरुस्त करू?

चहाबाज
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कानसेन आले की हाक मारा.

सोल्डरगन
थांबा, आधी एक पैसा खर्च करू नका. तीन प्रश्न.

१. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला तर भुणभुण जाते का?
२. चार्जर दोन पिनी आहे की तीन पिनी?
३. अ‍ॅम्पला अजून काय काय जोडलंय? टीव्ही, सेट टॉप बॉक्स, काहीही.

कारण तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि तुम्ही त्यांची एक मोट बांधलीत. भुणभुण हा डॅकचा दोष नसतो बहुतेक वेळा. लॅपटॉपच्या पत्र्यावरून बोटाची मागची बाजू हलकेच फिरवा, मुंग्या आल्यासारखं खरखरीत लागतं का? दोन पिनी चार्जरमध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून मेनचा किंचित करंट बॉडीवर गळत राहतो. माणसाला काही होत नाही पण तो तुमच्या आरसीए केबलच्या जाळीतून अ‍ॅम्पकडे वाट शोधतो आणि अ‍ॅम्प बिचारा ते ऐकवतो. तीन पिनी असेल तर वेगळी भानगड, अर्थिंग दोन ठिकाणी मिळून लूप होतो. दोन्हीकडे औषध वेगळं. साठ हजाराचा डॅक यूएसबीनेच जोडलात तर भुणभुण तशीच साठ हजारात ऐकू येईल.

कानसेन
आलो. हाक मारायची गरज नव्हती. :)

खर्जातला, भुणभुणीचं सोल्डरगन म्हणतात ते बरोबर असेल, पण तानपुऱ्यावरचा टॉवेल हा डॅकचाच आहे. लॅपटॉपमधली साउंड चिप म्हणजे पाच-पन्नास रुपयांचा मामला, पंख्याच्या आणि वायफायच्या शेजारी बसवलेली. तिच्याकडून काय जवारीची अपेक्षा करता?

मी स्वतः नऊ वर्षांत पाच डॅक बदलले. आत्ता आर-टू-आर (रेझिस्टरांच्या शिडीचा डॅक) आहे, नॉन ओव्हरसॅम्पलिंग मोडवर ऐकतो, म्हणजे आवाजाच्या मोजलेल्या नमुन्यांमध्ये जास्तीचे नमुने न घालता. डेल्टा सिग्मा जातीच्या डॅक चिपांना, मग ती ईएसएस कंपनीची असो की एकेएमची, एक चकाकी असते जी पहिल्या दिवशी आवडते आणि महिन्याभरात डोकं दुखवते. जुन्या प्लेअरमध्ये फिलिप्सची टीडीए १५४१ असायची, १९८५ ची चिप, आजही लोक ती जुन्या मशिनीतून काढून नवीन डॅक बांधतात. काहीतरी असेल ना त्यात. पडदा बाजूला झाल्यासारखं वाटतं.

चहाबाज
पडदा बाजूला झाला! काढा रे एकशे एक रुपये.

सोल्डरगन
कानसेन, तुमच्या नॉन ओव्हरसॅम्पलिंगला मी नावं ठेवत नाही, ते वेगळं ऐकू येतं हे मान्यच आहे, कारण मोजलं तरी वेगळं येतं. पुढचा नमुना येईपर्यंत आधीच्याच व्होल्टेजवर उभं राहायचं, अशा पायऱ्या पाडल्या की वरचे स्वर आपोआप उतरतात, हे साधं गणित आहे. ४४.१ किलोहर्ट्झवर १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल खाली, १४ ला दीड, २० ला तीनच्या थोडं वर. म्हणजे तुम्ही ट्रेबलची चावी चिमूटभर डावीकडे फिरवून ठेवली आहेत, एवढंच. आवडत असेल तर जरूर ठेवा पण त्याला पडदा बाजूला होणं म्हणायचं की पडदा लावणं ते तुम्हीच ठरवा. (हलकेच घ्या.)

आणि जुन्या चिपांचं म्हणाल तर फिलिप्सच्या पहिल्या प्लेअरातली चिप तर १४ बिटचीच होती, चौपट ओव्हरसॅम्पलिंग करून तिच्याकडून १६ बिटचं काम काढून घ्यायचे. म्हणजे तुम्ही ज्या जमान्याचं कौतुक करताय त्या जमान्यातल्या फिलिप्सच्याच इंजिनियरांनी ओव्हरसॅम्पलिंग घरोघरी नेलं!

रेकॉर्डवाले काका
तुमचं वाचून हसू येतंय मला. आम्ही कॅसेट ऐकत मोठे झालो. डेकच्या हेडशेजारी एक इवलासा स्क्रू असायचा, त्याला स्प्रिंग असायची, तो पेचकसाने पाव पेच इकडे की तिकडे केला की तानपुरा उजळायचा किंवा मरायचा. एकाने रेकॉर्ड केलेली कॅसेट दुसऱ्याच्या डेकवर वाजवायची तर आधी तो स्क्रू फिरवायचा. अलूरकरांच्या कॅसेटा आणल्या की मित्रमंडळी पेचकस घेऊनच यायची. अ‍ॅम्प कॉस्मिकचा, चाळीस वॅटचा, उन्हाळ्यात त्यावर पापड भाजता आले असते.

सोनीचा पहिला सीडी प्लेअर जपानात ८२ च्या ऑक्टोबरात आला, माझ्या कानावर सीडी पडली ८८ साली, सांताक्रूझला एका पारशी गृहस्थांच्या घरी. पहिली प्रतिक्रिया काय होती सांगू? गाणं सुरू व्हायच्या आधीची शांतता. खरखर नाही, फुसफुस नाही, काहीच नाही. मी विचारलं, बिघडलंय का?

तेव्हा पोरांनो, ज्याच्यावरून भांडताय ते आमच्या पेचकसाच्या पाव पेचाएवढंही नाही.

फोंडेकर
काका, दंडवत!

सतरंजी
काकांच्या पेचकसावरून आठवलं. खर्जातला, एक विचारू का, तुम्ही जे दोन्हीकडे "तेच रेकॉर्डिंग" म्हणताय ते खरंच तेच आहे का? म्हणजे सीडी रिप करून लॅपटॉपवर घेतलीय, की लॅपटॉपवर कुठल्या अ‍ॅपवरून वाजवताय?

विचारायचं कारण, मी हौसेने जुन्या कॅसेटा आणि तबकड्या डिजिटाईज करते, घरातल्या आणि ओळखीच्यांच्या, आणि हिस (टेपची फुसफुस) काढायचा फिल्टर ही काय चीज आहे ते हाताने वापरून माहितीय. टेपची हिस आणि तानपुऱ्याची वरची झणझण हे दोघं एकाच मजल्यावर राहतात. फिल्टरला दोघांतला फरक कळत नाही, तो सलग चालणारा बारीक आवाज दिसला की कापतो, आणि तानपुरा म्हणजे सलग चालणारा बारीक आवाजच की. थोडा जास्त दाबला की हिस गेली, तानपुरा पण गेला, आणि गवई कापसाच्या खोलीत बसून गातोय. अगदी तुमचा टॉवेल. एकच मैफल तीन वेगवेगळ्या अल्बमात तीन तऱ्हेची मिळते, "रिमास्टर्ड" लिहिलेली हमखास सगळ्यात वाईट असते असं नाही पण बरेचदा असते.

माझ्याकडे एका आलापीची फाईल आहे जिच्यात गायक थांबला की तानपुराही अर्धा सेकंद गायब होतो आणि तो गायला लागला की परत येतो. भुताटकी वाटते रात्री ऐकताना.

नवशिका
सतरंजीताई, हे पहिल्यांदाच कळलं. वाचनखूण साठवली.

बाकी मला बेसिक प्रश्न, डॅक प्रत्येक मोबाईलमध्ये असतोच ना? मग वेगळा का घ्यायचा?

एडिसनकर
असतोच. आकडे ऐकू येत नाहीत, ते व्होल्टेजमध्ये बदलावेच लागतात. सीडीत सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेली मापं असतात, प्रत्येक १६ बिटची, दोन चॅनेल. गुणाकार केलात तर सेकंदाला १४ लाख ११ हजार बिट. डॅकचं काम एवढंच की ही मापं वेळेवर आणि बरोबर उंचीची व्होल्टेज करून द्यायची. सोपं काम आहे असं नाही पण चाळीस वर्षांत ते सुटलंय. आज अ‍ॅपलचं ते छोटं हेडफोनचं डाँगल, इकडे ९ डॉलरला मिळतं, मापात १६ बिटच्या गरजेपेक्षा चांगलं येतं.

मी तुमच्यासारखाच वेडा होतो कानसेन. इकडे न्यू जर्सीत वस्तू परत करता येते म्हणून एका वेळी तीन तीन डॅक घरी आणायचो. एमक्यूए नावाच्या, सीडीपेक्षा वरचा म्हणवणाऱ्या फॉरमॅटचा निळा दिवा लागला की स्वतःचीच पाठ थोपटायचो. मग ती कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या दारात गेली, दुसऱ्याने विकत घेतली, पुढच्या वर्षी टायडल या स्ट्रीमिंग सेवेने साधं फ्लॅक (काही न गमावता दाबलेली फाईल) चालू केलं. दिवा गेला. गाण्यात काय गेलं ते मला अजून शोधून सापडलेलं नाही.

माझा नशा उतरवला तो एका फुकटच्या गोष्टीने. फूबार या संगणकावरच्या प्लेअरला एबीएक्स नावाचं जोडकाम मिळतं, दोन फाईली देतो आपण, मग तो क्ष म्हणून यातली एक वाजवतो आणि विचारतो सांगा कुठली. मी ९६ किलोहर्ट्झ २४ बिट आणि तीच खाली आणलेली सीडी दर्जाची, अशा दोन दिल्या. १६ पैकी ७ आले. नाणं उडवलं असतं तर ८ आले असते.

कानसेन
एबीएक्सवर माझा आक्षेप जुना आहे. दहा सेकंदाचे तुकडे, बटणं दाबायची, परीक्षेला बसल्यासारखं. संगीत असं ऐकतात का? दोन तास ऐकल्यावर येणारा थकवा दहा सेकंदात कसा कळणार? आणि २०१६ चा सगळ्या चाचण्या एकत्र केलेला अभ्यास आहे, १८ प्रयोग, साडेबारा हजार फेऱ्या, त्यात हाय रेझ (सीडीपेक्षा बारीक मापांचं रेकॉर्डिंग) ओळखायची बरोबर उत्तरं निम्म्यापेक्षा जास्तच निघालीत. तो का नाही सांगत?

एडिसनकर
सांगतो ना. ५२.३ टक्के. शंभरातून बावन्न वेळा. आणि शिकवलेल्या कानांचं त्याहून चांगलं होतं हेही सांगतो, प्रामाणिकपणा म्हणून. त्याआधीचा २००७ चा मेयर आणि मोरानचा, ५५४ फेऱ्यांत २७६ बरोबर. तुम्ही यातून काय घ्यायचं ते घ्या पण माझ्या २५ हजारातले मी या दोन टक्क्यांवर लावणार नाही, धागाकर्त्यालाही तेच सांगेन.

चहाबाज
५२.३ म्हणजे आमच्या वॉर्डात निवडून येतो माणूस.

फोंडेकर
अवांतर होईल पण सोर्सचं कोणीच बोलत नाहीय म्हणून लिहितो. आमच्याकडे पावसाळ्यात सीड्यांना बुरशी येते. खोटं नाही सांगत, कडेने आत पांढरी वेल पसरावी तशी. शंभरेक सीड्या अशा गेल्या म्हटल्यावर २०१८ ला सगळ्या रिप करून फ्लॅक केल्या आणि रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) घेतला, वर एक छोटा डॅक बोर्ड टोपीसारखा बसतो, त्यात व्होल्युमिओ हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर टाकलं. फोनवरून गाणं निवडायचं, बास. सगळं मिळून आठ हजाराच्या आत झालं होतं तेव्हा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, त्याला फोनचा कुठलाही चार्जर लावू नका, व्होल्टेज कमी पडलं की पिवळी वीज चमकल्याची खूण येते स्क्रीनवर आणि मग तो कधीही मान टाकतो. दोन, लाईट गेली की मेमरी कार्ड खराब होतं. फोंड्यात जून ते सप्टेंबर लाईट जाते म्हणजे येते त्यापेक्षा जास्त वेळा जाते. माझी तीन कार्डं मेली, मग छोटा यूपीएस लावला. बायको म्हणते तुम्हाला तीन पाय आहेत, दोन संधिवाताचे आणि एक रास्पबेरीचा.

नवशिका
आणि फोनवरून थेट? अँड्रॉइड आहे माझा.

फोंडेकर
चालतं की. फक्त बहुतेक अँड्रॉइड फोन सगळं आधी ४८ किलोहर्ट्झला नेतात आणि मग बाहेर सोडतात. ४४.१ चं ४८ करणं हल्ली बऱ्यापैकी साफ होतं, मला तरी कळत नाही. खटकत असेल तर यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो म्हणून अ‍ॅप आहे ते सिस्टिमला बाजूला सारून थेट डॅकशी बोलतं. आणि अ‍ॅपल म्युझिकने २०२१ पासून लॉसलेस (दर्जा न घटवलेलं) त्याच पैशात दिलंय, अँड्रॉइडवरही चालतं, सेटिंगमध्ये जाऊन चालू मात्र करावं लागतं, मी वर्षभर बंद ठेवूनच "काय क्लॅरिटी आहे" म्हणत होतो.

सोल्डरगन
फोंडेकर, तुमचं शेवटचं वाक्य या धाग्यातला सगळ्यात मोठा प्रयोग आहे.

सतरंजी
खोलीबद्दल कुणी बोललंच नाही की अजून. १० बाय १२, टाईल्स, बहुतेक एक कपाट आणि काचेची खिडकी? टाळी वाजवून बघा मधोमध उभं राहून. टर्रर्र असा शेपटीसारखा आवाज आला तर तुमचा डॅक कुठलाही असो, तो आवाज प्रत्येक तानेला चिकटणार. मी स्पीकरच्या समोरच्या भिंतीला आईने शिवलेली गोधडी टांगली, खाली सतरंजी, आयडी उगाच नाही घेतला. :ड

कानसेन
गोधडीला पूर्ण पाठिंबा. इथे आमचं एकमत.

खर्जातला
अबब, दोन दिवस नव्हतो तर केवढं झालं हे. सगळ्यांचे आभार, आता रिपोर्ट देतो.

सोल्डरगन, चार्जर दोन पिनी. मुंग्या येतात! इतकी वर्षं मला वाटायचं पत्र्याचा पोतच तसा आहे. चार्जर काढला की भुणभुण जवळजवळ गेली. पण गंमत पुढे आहे. अ‍ॅम्पला सेट टॉप बॉक्स जोडलेला होता बातम्या मोठ्याने ऐकायला (बाबा). त्याची गच्चीवरून येणारी डिशची केबल स्क्रू फिरवून काढली तर चार्जर लावूनही भुणभुण कुठच्या कुठे, कान स्पीकरला लावला तरच. म्हणजे गळका करंट गच्चीवरून खाली उतरायची वाट शोधत होता तर! बाबांच्या बातम्या बंद झाल्यात, तो वेगळा धागा होईल.

सतरंजीताई, तुमच्या पाया पडायला हवं. दोन्हीकडे तेच रेकॉर्डिंग नव्हतंच. लॅपटॉपवर मी अ‍ॅपवरची आवृत्ती लावत होतो. परवा सीडी रिप केली, लॅपटॉपच्या ड्राइव्हला घरघर लागली पण निघाली, आणि त्याच जॅकमधून तीच फाईल वाजवली. टॉवेल निम्मा तरी उचलला. फुकटात.

पण निम्माच. उरलेल्या निम्म्याचं काय?

एडिसनकर
आवाजाची पातळी. सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो, लॅपटॉपचा जॅक साधारण १ किंवा त्याहून कमी. म्हणजे ६ डेसिबलचा फरक. आणि आपल्या कानाला थोडंसं मोठं म्हणजे थेट "जास्त चांगलं" वाटतं, दुकानदारांना हे शंभर वर्षांपासून माहितीय. मल्टिमीटर आहे का घरात?

सोल्डरगन
मल्टिमीटर लावाल तर १००० हर्ट्झचा टोन वापरू नका हां, नेटवर सगळे तोच सांगतात. स्वस्त मीटर एसीला ५० ते ४०० हर्ट्झच्या आसपासच खरं बोलतो. १०० हर्ट्झचा टोन घ्या, सीडीवर बर्न करा, लॅपटॉपवर तोच, मीटरचे प्रोब स्पीकरच्या टर्मिनलला, आणि दोन्हीकडचे व्होल्ट एका टक्क्याच्या आत आणा. एक टक्का म्हणजे ०.१ डेसिबलच्या आत. अ‍ॅम्पची चावी कमीच ठेवा, आणि प्रोब एकमेकांना चिकटवू नका, बाबांचा अ‍ॅम्प आहे.

कानसेन
खर्जातला, तुम्ही सिंहगड रोड, मी कोथरूड. रविवारी माझे दोन डॅक घेऊन येतो, एक आठ हजाराचा डेल्टा सिग्मा, एक माझा आर-टू-आर. पडदा लावून घेऊ. होऊन जाऊ दे. चहा मात्र पाहिजे.

चहाबाज
चहा म्हटल्यावर मी पण आलो. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा.

रेकॉर्डवाले काका
शाब्बास कानसेन. याला म्हणतात कानात जोर असणं.

खर्जातला
झाला रविवार. लिहितो, लांबेल.

हजर मी, कानसेन, चहाबाज (नऊ कप), बायको, बाबा. अ‍ॅम्पपुढे चादर टांगली दोन खुर्च्यांवर. बायको चादरीमागे, हातात इनपुटची चावी आणि नाण्याने काढलेली यादी. चावी फिरवल्याचा टक्‌ आवाज ओळखू येऊ नये म्हणून प्रत्येक वेळी आधी ट्यूनरवर जाऊन मग ठरलेल्या जागी, हे तिचंच डोकं. पातळी जुळवायला पाऊण तास गेला. डॅकचा आवाज २४ बिटमध्येच किंचित कमी केला, सीडी प्लेअर जिथे आहे तिथे. मीटरवर १.२१ आणि १.२१ दिसेपर्यंत.

पहिली जोडी, बाबांचा सीडी प्लेअर विरुद्ध आठ हजाराचा डॅक. मी १६ पैकी ९. कानसेन १६ पैकी ८. बाबा चौथ्या फेरीत म्हणाले "अरे दोन्ही एकच आहे, गाणं पूर्ण लावा ना" आणि उठून गेले.

दुसरी, लॅपटॉपचा जॅक (बॅटरीवर) विरुद्ध तोच डॅक. मी १४, कानसेन १५. इथे फरक आहेच. पण कळला कशाने तर गाण्याने नाही, दोन बंदिशींच्या मधल्या शांततेत जॅकची बारीक फुसफुस येते आणि लॅपटॉप काही काम करायला लागला की त्यात चिर्र चिर्र मिसळतं. गाणं चालू असताना ओळखायचा प्रयत्न केला तेव्हा दोघेही गडबडलो.

तिसरी, आठ हजारवाला विरुद्ध कानसेनांचा आर-टू-आर, त्यांच्या लाडक्या मोडवर. मी ७. कानसेन १२! आणि त्यांना सगळ्यात जास्त तानपुऱ्यावरच कळलं. एकदा बायको चादरीमागून म्हणाली "हा जरा बंद गळ्याचा वाटतो", तो यांचाच होता.

सोल्डरगन
१२! कानसेन, टोपी काढली. १६ पैकी १२ किंवा जास्त नुसत्या नशिबाने यायची शक्यता शंभरात चारच्या आसपास. तुमचे कान खरंच चालतात.

कानसेन
धन्यवाद. आता प्रामाणिकपणे माझंही सांगतो, कारण घरी गेल्यावर झोप लागली नाही. पहिल्या जोडीला ८ आले ते मला झोंबलं. पाचपैकी तीन डॅक मी याच फरकासाठी विकले होते. तिसऱ्या जोडीत मला कळलं ते सोल्डरगनने लिहिलेलं दीड डेसिबलच होतं, मी "गोडवा" म्हणायचो त्याला. घरी येऊन आर-टू-आर ओव्हरसॅम्पलिंगवर लावून बघितला. गोडवा गेला. मग परत जुन्या मोडवर आणला. मला तो गोडवा पाहिजेच आहे. विकणार नाही.

सतरंजी
का विकाल? चहात साखर किती हा ज्याचा त्याचा प्रश्न.

चहाबाज
खर्जातलांकडे चहा उत्तम होता, हे राहिलंच सांगायचं.

नवशिका
मग शेवटी घेतलं काय? मी २५ हजार हातात धरून बसलोय इकडे.

खर्जातला
छोटा स्ट्रीमर घेतला, ऑप्टिकल आउटवाला, वापरलेला, साडेसहा हजार. आणि कानसेनांचाच आठ हजारवाला डॅक त्यांनी पाचला दिला. ऑप्टिकल केबलमध्ये तांबंच नसतं त्यामुळे डिशची केबल परत जोडली तरी भुणभुण नाही, बाबांच्या बातम्या सुरू. साडेअकरा गेले. गोधडी आजीची होती, ती टांगली. उरलेल्यात वॉटर प्युरिफायर आला.

सीडी प्लेअर काढणार नाही, परीक्षेत पास झालाय. त्याचा ट्रे उघडून बघितला तर आतला रबरी पट्टा सैल होऊन तुटायला आलेला, चिकट गुळासारखा झाला होता. तात्पुरता मसाल्याच्या पुडीचा रबरबँड लावलाय, ट्रे आता दाणकन बाहेर येतो. असला पट्टा पुण्यात कुठे मिळेल?

रेकॉर्डवाले काका
तापकीर गल्लीत. दोन-तीन दुकानांत अजून पट्ट्यांचा डबा असतो. पण माप डोळ्याने सांगू नका, व्यास आणि जाडी दोन्ही लागतं, पट्टा चौकोनी की गोल तेही. जुना पट्टाच घेऊन जा, तुटला असला तरी चालेल, दुकानदार त्याच्यावरून लावून देतो. फेकू नका मात्र.

खर्जातला
काका, कालच घंटागाडीत गेला हो.